"लुआसमध्ये मराठी बोलायचं बंद केलं, बाबा"

अजनीकर (धागाकर्ता) · २६ ऑक्टोबर २०२५

लक्ष्मीपूजनाच्या रात्री लेकीचा फोन आला. ती आयर्लंडमध्ये डब्लिनला असते, चार वर्षं झाली, सॉफ्टवेअरमध्ये आहे. दारातली रांगोळी दाखवली, चिवड्यातले शेंगदाणे जरा करपले ते सांगितलं. आईशी बोलून झाल्यावर फोन माझ्याकडे आला तेव्हा तिने आवाज खाली आणला. "बाबा, इथून दोन स्टॉपवर पोलिसांची गाडी पेटवली आहे."

सिटीवेस्ट म्हणून भाग आहे. तिथल्या एका हॉटेलात सरकारने आश्रय मागणाऱ्यांना ठेवलं आहे. त्यांच्यातल्या एकावर दहा वर्षांच्या मुलीवर अत्याचार केल्याचा आरोप आला आणि त्या संध्याकाळी हॉटेलासमोर जमाव जमला. लेक म्हणाली, "त्या पोरीचं वाचल्यापासून घशाखाली घास उतरत नाही. ज्याने केलं असेल त्याला सगळ्यात कडक शिक्षा व्हावी. पण बाहेर ओरडणाऱ्यांना तो माणूस आणि मी वेगळे दिसत नाही."

मग म्हणाली, लुआसमध्ये मराठीत फोन घेणं तिने बंद केलंय. लुआस म्हणजे तिथली ट्राम. आईचा फोन आला तर कापते, उतरल्यावर लावते. जुलैत डब्लिनच्याच टालाट भागात एका भारतीय माणसाला मारून रस्त्यावर त्याचे कपडे काढले होते. तो देशात येऊन काही आठवडेच झाले होते, आणि त्याच्याबद्दल पसरवलेली गोष्ट खोटी निघाली. १ ऑगस्टला आपल्या दूतावासाने भारतीयांसाठी सावधगिरीची सूचना काढली. फिनिक्स पार्कमधला 'इंडिया डे' पुढे ढकलला. तिथे लेकीची ढोल वाजवायची तयारी झाली होती, ती राहिली.

हे सगळं ऐकून मी रात्रभर जागा होतो. जागं राहायचं दुसरं एक कारण होतं, ते लिहिल्याशिवाय हा धागा काढणं खोटेपणाचं होईल.

जूनमध्ये आमच्या इमारतीची सभा झाली. त्याआधी पार्किंगमधून दोन सायकली आणि एक बॅटरी गेली होती. चोर कोण ते आजपर्यंत कळलं नाही. दुसऱ्या मजल्यावर बलिया-गोरखपूरकडची चार पोरं भाड्याने राहत होती. सभेत ठराव आला की यापुढे बाहेरच्या पोरांना फ्लॅट द्यायचा नाही. कोणी म्हटलं, "यांच्यामुळे वातावरण बिघडून राहिलं." कोणी म्हटलं, "आपल्या बायका-पोरींचं काय?" मी हात वर केला. महिनाअखेरीस पोरं सामान घेऊन गेली. जिन्यात त्यांच्यातल्या एकाने मला "नमस्ते अंकल" म्हटलं.

लेकीला सिटीवेस्टजवळ जी वाक्यं ऐकू येतात ती मी आमच्या तळमजल्यावर ऐकली होती आणि त्यांना मान डोलावली होती.

मला दोन गोष्टी विचारायच्या आहेत. इंग्लंड, जर्मनी, अमेरिका, जपान, सगळीकडे हे एकाच वेळी काहून होऊन राहिलं? आणि लेकीला मी काय सांगू?

इतवारीचा_नातू · २६ ऑक्टोबर

अजनीकर काका, वाचून वाईट वाटलं. ताईला सांभाळून राहायला सांगा. हिंसा करणाऱ्यांची बाजू मी घेणार नाही.

पण तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर 'लोक वाईट झाले' असं नाही. ब्रिटनचं बघा. २०१६ च्या सार्वमतात जवळपास ५२ टक्के लोकांनी युरोपीय संघातून बाहेर पडायला मत दिलं, आणि त्यातल्या बहुतेकांना देशात येणाऱ्यांची संख्या कमी व्हायला हवी होती. झालं काय? जून २०२३ पर्यंतच्या एका वर्षात येणारे वजा जाणारे हा आकडा ९ लाखांच्या वर गेला. इतिहासात कधी नव्हता इतका. ज्याने मत दिलं त्याला फसवल्यासारखं वाटणार नाही का? त्याला दवाखान्यात नंबर लागत नाही, घर परवडत नाही. तो चिडला तर त्याला लगेच वंशद्वेष्टा म्हणायचं?

आपल्याकडे आसाममध्ये १९७९ ते ८५ आंदोलन झालं. परक्यांमुळे आपली भाषा आणि जमीन जाईल ही त्यांची भीती होती. १५ ऑगस्ट १९८५ ला करार झाला, २४ मार्च १९७१ ही तारीख ठरली, त्यानंतर आलेला तो परदेशी. आपण आसामी माणसाला समजून घेतो. मग आयरिश माणसाला काहून नाही?

वऱ्हाडी_लेस्टर · २७ ऑक्टोबर

मी मूळचा नागपूरच्या महाल भागातला, अकरा वर्षं झाली इंग्लंडमध्ये लेस्टरला. नातूंचा राग मला समजतो, कारण माझ्या शेजारच्या म्हाताऱ्या इंग्रज बाईचा राग मी रोज ऐकतो. तिच्या नातवाला घर मिळत नाही. ती मला केक आणून देते आणि 'बाहेरच्यां'ना शिव्याही देते. मी बाहेरचाच आहे हे तिला आठवत नाही.

पण राग आणि दंगल यांच्या मधे एक पायरी असते, ती अफवेची. २९ जुलै २०२४ ला साउथपोर्टमध्ये लहान मुलींच्या नाचाच्या वर्गात एका सतरा वर्षांच्या मुलाने चाकू चालवला, तीन मुली गेल्या. काही तासांत पसरलं की मारेकरी बोटीतून आलेला मुसलमान निर्वासित आहे. एक नावही फिरत होतं, ते बनावट. दुसऱ्या दिवशी तिथल्या मशिदीवर दगड. आठवडाभर गावोगाव दंगे, रॉदरहॅममध्ये आत माणसं असताना आश्रय मागणाऱ्यांच्या हॉटेलाला आग लावायचा प्रयत्न. मारेकरी निघाला वेल्समध्ये, कार्डिफला जन्मलेला. तोपर्यंत ज्यांची डोकी फुटायची ती फुटली होती.

आणि एक सांगतो, ते आपल्या लोकांना आवडणार नाही. २०२२ ला भारत-पाकिस्तान सामन्यानंतर इथेच लेस्टरमध्ये हिंदू आणि मुसलमान पोरं तोंडाला कपडा बांधून रस्त्यावर उतरली होती. तेव्हाही अपहरणाची खोटी बातमी फिरली. मी दोन दिवस मुलाला शाळेत पाठवलं नाही. भांडण आपण तिकडून सोबत आणलं होतं, आणि माझी शेजारीण खिडकीतून बघत होती.

याच शहराने १९७२ साली युगांडाचा हुकूमशहा इदी अमीन याने हाकललेल्या भारतीयांसाठी तिथल्या पेपरात जाहिरात दिली होती की कृपा करून लेस्टरला येऊ नका, जागा नाही. ते आलेच. आज दिवाळीला गोल्डन माइल या भारतीय दुकानांच्या रस्त्यावर दिवे लागतात तेव्हा महापालिकाच निमंत्रण देते.

धंतोली_वाचक · २७ ऑक्टोबर

आयर्लंडचं मला सगळ्यात जास्त लागतं, कारण त्या देशाइतकं स्थलांतर फार थोड्यांनी सोसलं असेल. १८४५ पासून बटाट्याच्या पिकावर रोग पडला, दुष्काळात सुमारे दहा लाख माणसं मेली आणि तितकीच जहाजात बसून गेली. अमेरिकेत उतरल्यावर त्यांच्याबद्दल काय म्हटलं गेलं? हे दारुडे आहेत, पोपचे गुलाम आहेत, आपली मजुरी खाली आणतात. १८५० च्या दशकात त्यांच्या विरोधात एक अख्खा पक्ष उभा राहिला. आज आयर्लंडचा जो भाग स्वतंत्र देश आहे तिथे १८४१ मध्ये ६५ लाख लोक होते. २०२२ च्या जनगणनेत तिथे ५१ लाख भरले, आणि पन्नास लाखांच्या वर आकडा जायला १८५१ नंतर एवढा काळ लागला. म्हणजे देश माणसांनी भरून वाहतोय असं नाही. २००८ च्या मंदीनंतर घरबांधणी जवळजवळ थांबली, ती मागणीच्या वेगाने पुन्हा उभी राहिली नाही. कमी आहेत ती घरं.

त्याच देशाने २०१७ मध्ये लिओ वराडकरांना पंतप्रधान केलं. त्यांचे वडील मालवण तालुक्यातल्या वराड गावचे. २०१९ च्या डिसेंबरात ते गावी आले होते. ताईच्या डब्लिनमध्ये हेही झालं आहे.

आपल्या लोकांच्या वाट्याला हे नवं नाही. १९०७ च्या सप्टेंबरात अमेरिकेत बेलिंगहॅम गावी लाकडाच्या गिरण्यांतल्या पंजाबी मजुरांना जमावाने घराबाहेर काढलं, काही दिवसांत गावात एक भारतीय माणूस उरला नाही. १९१४ ला 'कोमागाटा मारू' जहाज ३७६ प्रवासी घेऊन व्हँकूव्हरला गेलं, दोन महिने बंदरात उभं राहिलं आणि बहुतेकांना परत पाठवलं. १९२३ मध्ये भगतसिंग थिंड यांना अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की तुम्ही गोरे नाही, म्हणून नागरिकत्व नाही. ते अमेरिकेच्या सैन्यात होते.

नागपूरकर_मिहान · २७ ऑक्टोबर

मी अमेरिकन क्लायंटचं काम करतो. सप्टेंबरात एच-वन-बी या अमेरिकेतल्या नोकरीच्या व्हिसाच्या नव्या अर्जावर एक लाख डॉलरची फी आली त्या शनिवारी आमच्या टीममधले तीन पोट्टे रात्रभर फोनवर होते. एकाची बायको तिकडे, तो इकडे साखरपुड्याला आलेला. विमानतळावर जाऊ की नको, नोकरी राहील की जाईल, कोणालाच माहीत नाही. दुसऱ्या दिवशी खुलासा आला की जुन्या व्हिसावाल्यांना फी नाही. एका रात्रीत माणूस किती म्हातारा होते ते मी बघितलं.

फेब्रुवारीत अमृतसरला अमेरिकेचं लष्करी विमान उतरलं होतं, तिकडून परत पाठवलेले १०४ जण, हातपाय बांधून आणलेले. त्यात महाराष्ट्राचेही होते. ऑफिसात तेव्हा पुष्कळ जण म्हणत होते, "बरोबर झालं, चोरून कशाला गेले?" मीही म्हटलं असन. आता कायदेशीर लोकांवर पाळी आली तर आमचा सूर बदलला.

नातू, मजुरी खाली येते का यावर एक गोष्ट. १९८० साली क्युबाने दार उघडलं आणि सव्वा लाख माणसं काही महिन्यांत बोटीने फ्लोरिडाला आली, त्यातली निम्म्याच्या आसपास मायामीतच राहिली. डेव्हिड कार्ड या अर्थशास्त्रज्ञाने आकडे तपासले, तर तिथल्या जुन्या कामगारांच्या मजुरीवर फारसा परिणाम दिसला नाही. पुढे त्यांना नोबेल मिळालं. पण जॉर्ज बोर्हास यांनी तेच आकडे वेगळे करून पाहिले आणि म्हटलं की शाळा सोडलेल्या गरीब कामगारांची मजुरी पडली. भांडण अजून मिटलं नाही. मला वाटते दोन्ही खरं असू शकते. शहराला फायदा होते आणि रोजच्या कामासाठी ठिय्यावर उभ्या राहणाऱ्या एका माणसाला तोटा होते, आणि त्या माणसाकडे कोणी बघत नाही.

संपादक · २७ ऑक्टोबर

एका धर्माच्या लोकांबद्दल सरसकट लिहिलेला एक प्रतिसाद काढला आहे. चर्चा चांगली चालू आहे, ती तशीच राहू द्या.

इतवारीचा_नातू · २८ ऑक्टोबर

मिहानवाल्यांच्या शेवटच्या वाक्याशी शंभर टक्के सहमत. मी हेच म्हणतो आहे. ज्या देशांत मधल्या पक्षांनी या माणसाचं ऐकलं तिथे टोकाचे पक्ष कमी झाले. डेन्मार्कमध्ये २०१५ ला स्थलांतरविरोधी डॅनिश पीपल्स पार्टीला २१ टक्के मतं होती. सोशल डेमोक्रॅट पक्षाने स्वतःच कडक भूमिका घेतली आणि २०१९ ला ती मतं ९ टक्क्यांच्या खाली गेली. जर्मनीत २०१५ ला लाखो लोकांना आत घेतलं, प्रश्न विचारणाऱ्याला गप्प केलं, आणि या फेब्रुवारीत स्थलांतरविरोधी एएफडी पक्ष २०.८ टक्के घेऊन दुसऱ्या नंबरवर.

धंतोली_वाचक · २८ ऑक्टोबर

डेन्मार्कचा आकडा बरोबर आहे. पण त्याच डेन्मार्कने वस्त्यांची यादी केली, त्यात 'पाश्चात्त्य नसलेले' किती ते मोजलं, आणि ठरावीक प्रमाणाच्या वर गेलेल्या वस्त्यांतली घरं पाडायचा, विकायचा कायदा केला. तिथे जन्मलेली मुलंही त्या मोजणीत येतात. मतं परत आली, पण त्या मुलाला कळलं की आपण मोजले जातो. येणाऱ्यांची संख्या ठरवायचा हक्क प्रत्येक देशाला आहे. आत आलेल्याला रोज आठवण करून द्यायची की तू बाहेरचा, हा हक्क मला मान्य नाही. या दोन गोष्टी वेगळ्या ठेवा एवढंच म्हणणं.

जरीपटका_७१ · २९ ऑक्टोबर

मी सिंधी, जन्म नागपूरचा, शाळा मराठी. आजोबा सिंधमधल्या सक्करहून आले तेव्हा बरोबर एक पेटी आणि माझी दोन वर्षांची आत्या. जरीपटक्यात तेव्हा रान होतं. आजी पापड लाटायची, आजोबा सीताबर्डीवर टोपली घेऊन बसायचे. तिथल्या दुकानदारांनी किती वेळा उठवलं ते ते सांगायचे नाहीत, आजी सांगायची. एका मराठी शिंप्याने आपल्या ओट्यावर जागा दिली. आमच्या घरच्या प्रत्येक लग्नाची पहिली पत्रिका अजून त्या घरी जाते.

सिंधमधून लोक अजून येतात. आमच्या ओळखीची कुटुंबं वर्षानुवर्षं दीर्घ मुदतीच्या व्हिसावर राहतात. एप्रिलमध्ये पहलगाम झालं आणि पाकिस्तानी व्हिसा रद्द झाल्याची बातमी आली, तेव्हा आमच्या गल्लीत रात्री दोन वाजता दिवे होते. सगळे कागद शोधत होते. दीर्घ मुदतीच्या व्हिसावाल्या हिंदूंना त्यातून वगळलं आहे हे कळेपर्यंत एक बाई देवासमोरून उठली नाही. नागरिकत्वाच्या नव्या कायद्यात ३१ डिसेंबर २०१४ ही तारीख आहे. त्यानंतर आलेल्यांना वाट बघणंच आहे. त्या कायद्यात धर्म पाहिला जातो यावर इथे वाद होऊ शकतो, आज तो नको.

काका, तुमच्या लेकीला कागदाची भीती नाही, नजरेची आहे. दोन्ही भीती मी पाहिल्या आहेत. नजरेची जास्त दिवस टिकते.

सेंटरिंगवाला · ३० ऑक्टोबर

आमचं बांधकामाचं काम. लिहायची सवय नाही, सांभाळून घ्या.

धान कापून झालं की छत्तीसगढ, बालाघाटकडून लोकं येतात. नवरा, बायको, लेकरं. साइटवरच टिनाच्या खोल्यात राहतात. नागपुरात जेवढे फ्लॅट उभे राहून राहिले त्यातल्या कितीतरी स्लॅबवर त्या बायांनी डोक्यावर घमेलं वाहिलं आहे. पझेशन झालं की तीच बाई गेटवर पाणी मागायला आली तर वॉचमन हाकलते. हे मी डोळ्यानं बघितलं.

आमच्या लोकल मजुरांची पण तक्रार आहे, ते खोटं नाही बोलत. ठिय्यावर उभा राहणारा आमचा माणूस म्हणते, हे कमी रोजीत करतात, मग मला कोण नेईल? त्याला उत्तर एकच आहे, दोघांना सारखी रोजी. ते ठेकेदारानं करायचं आहे. मी केलं तर मायं टेंडर जाते, दुसऱ्यानं नाही केलं तर त्याला मिळते. म्हणून नियम सगळ्यांना लावणारा कोणी पाहिजे. भांडण लागते मजुरा-मजुरात, पैसा वाचते तिसऱ्याचा.

२०२० च्या मे महिन्यात पांजरी टोल नाक्यावर मी होतो. हैदराबादकडून हजारो माणसं चालत येऊन राहिली होती. पायाला फोड. याच नागपूरच्या लोकांनी तिथं पोळ्या, चपला, ताक, गाड्या सगळं दिलं. जात, गाव कोणी विचारलं नाही. मी पाहिलं म्हणून सांगतो. तेच लोकं, तेच शहर. ऊन उतरल्यावर आपण काहून बदलतो ते मला समजत नाही.

गोंदियाकर · ३० ऑक्टोबर

थोडं अवांतर. आमच्या जिल्ह्यात गोठणगावजवळ तिबेटी वसाहत आहे, पन्नास वर्षं झाली. नागपुरात हिवाळ्यात स्वेटर विकायला बसतात त्या तिबेटी बाया सगळ्यांना ठाऊक आहेत. आमच्याकडचे तिबेटी झाडीबोली आमच्यासारखीच बोलतात. त्यांच्या वाट्याला जमीन आली तेव्हा आसपासच्या गावात कुरबुर झाली होती असं वडील सांगायचे. पण जमीन सरकारने मोजून दिली, शाळा-दवाखाना झाला, गावकऱ्यांचं काही काढून घेतलं नाही. म्हणून कुरबुर मोठी झाली नाही असं मला वाटतं.

वऱ्हाडी_लेस्टर · ३१ ऑक्टोबर

सेंटरिंगवाले भाऊ, तुमचा प्रतिसाद मी बायकोला वाचून दाखवला. इथे शेतात स्ट्रॉबेरी तोडायला माणसं आणतात, त्यांचं अगदी असंच आहे.

अजनीकर, ताईसाठी. तिथल्या मराठी मंडळाशी, शेजाऱ्यांशी, कामाच्या ठिकाणच्या युनियनशी ओळख ठेवायला सांगा. फक्त आपल्याच लोकांत राहिली तर भीती वाढते. आणि काही झालं तर पोलिसात तक्रार लिहून द्यायची, सोडून नाही द्यायची. आपली माणसं व्हिसाला घाबरून तक्रार करत नाहीत, मग आकड्यात ते दिसत नाही. ट्राममध्ये बोलायचं की नाही हे तिलाच ठरवू द्या. मी दंगलीच्या दिवसांत गप्प बसलो होतो, मला त्याची लाज वाटत नाही.

अजनीकर (धागाकर्ता) · ९ नोव्हेंबर

सगळ्यांचे आभार. प्रत्येक प्रतिसाद लेकीला पाठवला. तिने सेंटरिंगवाल्यांचा दोनदा वाचला म्हणाली.

नातू, तुमच्याशी माझं पूर्ण जमलं नाही, पण तुमच्यामुळे एक गोष्ट कळली. लेकीच्या ऑफिसातली एक आयरिश मुलगी तिशी ओलांडूनही आईवडिलांकडेच राहते, कारण भाडं परवडत नाही. लेकीनेच सांगितलं. ती मुलगी लेकीशी चांगली आहे, पण मध्यंतरी एकदा म्हणाली होती की तुम्ही सगळे आलात म्हणून घरं गेली. लेकीला राग आला होता. आता तिने तिला विचारलं की तू किती घरं बघितलीस. तिची नऊ झाली होती, हिची अकरा. हिला दोन ठिकाणी नाव ऐकल्यावर परत फोनच आला नाही.

आमच्याच इमारतीत चौथ्या मजल्यावर लेकीने घेतलेला फ्लॅट आहे, बंदच असतो. मी तिला जूनच्या ठरावाचं आजपर्यंत सांगितलं नव्हतं. मागच्या रविवारी सांगितलं. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "त्या पोरांचा नंबर आहे का?"

एकाचा नंबर दूधवाल्याकडे मिळाला. चौघांपैकी दोघं गावी परतले, दोघं हिंगणा रोडला एका खोलीत सहा जणांत राहत होते. एक बुटीबोरीला कारखान्यात आहे, एक स्पर्धा परीक्षा देतो. मी गेलो, झालं ते त्यांना सांगितलं, माफी मागितली. परीक्षावाला पोरगा उठून चहा करायला गेला. दुसरा म्हणाला, "अंकल, सायकल हमारी भी गई थी." दोनपैकी एक सायकल त्याची होती. जूनच्या सभेत हे कोणी विचारलंच नव्हतं.

भाडेकरार झाला, पोलीस पडताळणीचे कागद दिले, दोघं राहायला आली. परवा सचिवांची नोटीस आली की ठरावाचा भंग झाला, पंधरा दिवसांत खुलासा द्या. काही जणांनी माझ्याशी बोलणं सोडलं आहे. वरच्या मजल्यावरच्या देशपांडे वहिनींनी मात्र पोरांना भाऊबीजेचा उरलेला फराळ नेऊन दिला.

इथे सहकारी संस्थांचा कायदा जाणणारं कोणी आहे का? असा ठराव टिकतो का, आणि नोटिशीचं उत्तर कोणत्या भाषेत लिहावं, म्हणजे भांडण न वाढता मुद्दा मांडला जाईल? पुढच्या रविवारी सकाळी अकराला सभा आहे. लेक फोनवर असणार आहे.